फाटकातली थोरली बहीण

वेल्समधल्या आबेरग्विनच्या खाडीवर धुकं उतरलं की पेन-लानच्या घरातली मेरेरिद प्यू कादंबरी लिहायला बसायची. ऊन असलं तर नाही. उन्हात सगळं फार स्पष्ट दिसतं, आणि स्पष्ट दिसलेल्या गोष्टीवर फार तर टीका लिहावी, असं तिचं म्हणणं. धुक्यात समोरचा दगडी बांध विरघळून जायचा, मेंढ्या नुसत्या खोकल्यावरून कळायच्या, पाणी कुठे संपलं आणि वाळू कुठे लागली ते पक्ष्यांनाही समजत नसावं. त्या राखाडी उजेडात, टेबलाशी अर्धवट पेंगताना, तिच्याकडे माणसं येऊन बसायची. बाप दारात ओले बूट काढायचा. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण बुटांना चिखल ताजा असायचा. आई खुर्चीवर वाटाणे सोलत बसायची, दोन्ही हातांनी. शेवटची वर्षं तिचा एकच हात चालत होता, पण धुक्यातल्या आईचे दोन्ही हात धड होते.

ही माणसं बोलायची आणि मेरेरिद ऐकून लिहून घ्यायची. साठी उलटल्यावर, शाळेतली नोकरी संपल्यावर, तिने अशी एक अख्खी कादंबरी ऐकून काढली.

आता कोणी म्हणेल, लेखिकाच होती ना ती, मग त्यात नवल काय? तर आमच्या गावाला विचारा. मेरेरिद प्यू लेखिका होती हे गाव केव्हाच विसरलं होतं. ऐन तारुण्यात तिने दोन कादंबऱ्या लिहिल्या, लोकांनी वाचल्या, घरोघरच्या शेल्फावर त्या बायबलशेजारी बसल्या. मग कोणीतरी तिला एका मासिकात पुस्तकांवर लिहायला सांगितलं, आणि तिला आपल्या हातातल्या धारेचा शोध लागला. त्यानंतर चाळीस वर्षं वेल्श भाषेत जे जे छापलं गेलं ते तिच्या टेबलावरून सरकत गेलं, आणि बहुतेक रक्तबंबाळ होऊनच पलीकडे पोचलं. तोंडदेखलं कौतुक तिला जमायचंच नाही. चॅपलमध्ये ती तिसऱ्या बाकावर बसायची, आणि तिची भुवई हलली की आमचे पाद्रीसाहेब प्रवचनातला अख्खा परिच्छेद गिळून पुढच्यावर उडी मारायचे. प्रवचनं आटोपशीर झाली म्हणून गाव तिचं मनातल्या मनात आभारी होतं, ती गोष्ट वेगळी.

पण या धारेचा पहिला घाव तिच्या स्वतःच्या बोटावर बसला. दुसऱ्यांना लावलेली मापं आपल्याला लावायची नाहीत, एवढी बेइमानी तिच्याच्याने होईना. एक वाक्य लिहायची आणि खोडायची. तिसरी कादंबरी कधी आलीच नाही. आली ती ही अशी, म्हातारपणी, धुक्यातून. ती तिने ‘गुलान’, म्हणजे समुद्रपक्षी, या टोपणनावाने पाठवली. आमच्याकडे टोपणनावाचं नवल नाही. साहित्यसंमेलनाच्या स्पर्धेला कविता पाठवायची तर टोपणनावानेच, म्हणजे परीक्षकाला शेजारी ओळखू येत नाही आणि हरल्यावर शेजाऱ्यालाही कळत नाही. कॉलेजातली तिची एक मैत्रीण, बेती, दक्षिणेत ग्रंथपाल होती. तिने बाड टाइप केलं, प्रकाशकाला दिलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

थोरली बहीण तेगवेन हिलासुद्धा मेरेरिदने सांगितलं नाही. खरं म्हणजे तिलाच सांगायचं नव्हतं. कारण कादंबरी तेगवेनवरच होती.

गोष्ट एवढीशीच. दोघी बहिणी विशीच्या आतबाहेर असताना एकाच वर्षी दोघींचं घराबाहेर पडायचं ठरलं होतं. तेगवेन लिव्हरपूलच्या इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला, मेरेरिद बँगरच्या कॉलेजात. तेगवेनची ट्रंक भरूनसुद्धा झाली होती. आणि उन्हाळा संपता संपता आईला अर्धांगवायूचा झटका आला. गुरं, मेंढ्या, बाप आणि अंथरुणातली आई, एकीला राहणं भाग होतं. बाप काही बोलला नाही. मेरेरिदही काही बोलली नाही. तेगवेनने वर जाऊन ट्रंक रिकामी केली, खाली आली आणि म्हणाली, “तू जा.” मेरेरिद गेली.

पुढे बाप वारल्यावर ती जवळच्या शाळेत नोकरी घेऊन घरी परतली, आणि दोघी बहिणी एका छपराखाली म्हाताऱ्या झाल्या. रोज एका टेबलावर जेवल्या. हवा, भाव, प्रवचन, शेजारणीची टोपी, सगळ्यावर बोलल्या. पण त्या दिवसाबद्दल मेरेरिदने बहिणीला एक प्रश्न कधी विचारला नाही. तुला जायचं होतं का? एवढाच प्रश्न. अख्ख्या वेल्श साहित्याला धारेवर धरणारी बाई या चार शब्दांना भीत होती.

म्हणून तिने कादंबरी लिहिली. कादंबरीत थोरली बहीण फाटकात उभी आहे. धाकटीची बस निघते. थोरली हात हलवते आणि हसते, आणि ते हसू खरं असतं, कारण तिला तो डोंगर, ती वासरं, ते घर सोडवतच नव्हतं. लिहिताना मेरेरिद रडली होती. लिहून झाल्यावर तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती तशी झोप लागली.

पुस्तक आलं आणि गाव येडं झालं. इदवालच्या दुकानात, म्हणजे जिथे एका गल्ल्यावर टपालाची तिकिटं आणि दुसऱ्यावर चहा-साखर मिळते तिथे, ‘गुलान’ कोण यावर रोज खल.

“पाद्रीसाहेबच,” इदवाल म्हणायचा. “रात्री उशिरापर्यंत दिवा असतो त्यांचा.”

“जा रे! त्यांना रविवारचं प्रवचन संपवता येत नाही, कादंबरी कुठली संपवणार?” बेकरीवाली मेगन म्हणाली. “मी सांगते, गुरांचे डॉक्टर. त्यातली गाय कशी विते ते वाचलंस ना? हात घातल्याशिवाय तसं लिहिता येत नाही.”

मेरेरिद रांगेत तिकिटांसाठी उभी होती. इदवालने वाकून विचारलं, “मिस प्यू, तुम्हीच सांगा. बाईचा हात की बाप्याचा?”

“मी अजून वाचलं नाही,” मेरेरिद म्हणाली.

“नका वाचू हो!” इदवाल कळवळून म्हणाला. “छान आहे ते. तुम्ही वाचलंत की बिघडेल.”

ती घरी आली ती रस्ताभर स्वतःशी हसत. चाळीस वर्षांनी कोणीतरी तिच्या लिहिण्याला छान म्हटलं होतं आणि ते तिच्याचपासून जपून ठेवायला बघत होतं.

घरी तेगवेन चुलीशी पुस्तक घेऊन बसलेली. ती वाचताना ओठ हलवायची. मेरेरिद समोर वर्तमानपत्र धरून बसे आणि वर्तमानपत्राच्या कडेवरून त्या ओठांकडे बघे. एकदा तेगवेन हसली. कुठे हसली, हे विचारायला मेरेरिदचा जीव टांगणीला लागला. पण विचारणार कसं? पुस्तक संपलं तेव्हा तेगवेनने ते मिटून गुडघ्यावर ठेवलं, त्यावरून तळहात फिरवला, आणि म्हणाली, “बरं लिहिलंय.” आणि कोंबड्या कोंडायला गेली.

मग फोन वाजला. मासिकाचा संपादक गेथिन रीस. फोन बोळात, स्वयंपाकघराचं दार उघडं, आणि तेगवेन आत बटाटे सोलत होती.

“मिस प्यू, त्या ‘गुलान’वर तुम्हीच लिहायचंय.”

“दुसरं कोणाला तरी सांग, गेथिन.”

“कोणाला सांगू? तुमचे पाद्रीसाहेब रेल्वेच्या वेळापत्रकाचीसुद्धा स्तुती करतील. प्राध्यापकमहाशय प्रकाशकाशी बोलत नाहीत. तिसरे होते ते गेल्या महिन्यात गेले. आपल्या भाषेत टीका करणारे एका बाकावर मावतात, मिस प्यू, आणि त्या बाकावर आता तुम्ही एकट्याच बसलायत.”

खोटं नव्हतं ते. आमच्यात लिहिणारे मोजके आणि तपासणारे त्याहून मोजके. त्यामुळे कधीतरी हे होणारच होतं की पुस्तक फिरून फिरून लिहिणारीच्याच दारात तपासायला येईल.

“का, काही अडचण आहे का?” गेथिनने विचारलं.

आत सुरी थांबली होती. बटाटा सोलण्याचा आवाज येत नव्हता.

“अडचण कसली,” मेरेरिद म्हणाली. “पाठवून दे.”

आपलेच दात, आपलेच ओठ! चावावं तरी पंचाईत, न चावावं तरी. पहिल्यांदा तिच्या मनात पाप आलंच. चार गोड ओळी खरडाव्यात, गाव खूश, प्रकाशक खूश, गेथिनला वाटेल बाई म्हातारपणी मवाळ झाल्या. पण टेबलावर पुस्तक उघडलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि सवयीने ती दुसरी बाई, तिच्यातली टीकाकार, खुर्चीत येऊन बसली. तिला ‘गुलान’ कोण हे ठाऊक नव्हतं आणि कर्तव्यही नव्हतं.

त्या आठवड्यात धुकं उठलंच नाही. घर ढगात तरंगत असल्यासारखं. मेरेरिद वाचत होती, आणि तिला राहून राहून असं वाटत होतं की हे पुस्तक आपण स्वप्नात ऐकलंय. बाप बूट काढत होता ते ठीक. आई वाटाणे सोलत होती ते फारच सुंदर, समासात तिने बारीकशी खूण केली. गाय व्यायली. ट्रंक रिकामी झाली. मग बस आली. धाकटी खाडीच्या बाजूच्या खिडकीशी बसली, पाण्यात सीलचं काळं डोकं वर आलेलं तिने पाहिलं, गिरणीपाशी बस वळली. आणि पान उलटल्यावर थोरली फाटकात हसते आहे.

पेन्सिल थांबली.

गिरणीच्या वळणावरून पेन-लानचं फाटक दिसत नाही. खाडीच्या बाजूला बसलेल्याला तर डोंगराकडचं काहीच दिसत नाही. त्या बसने शाळेत गेलेल्या कुठल्याही पोराला हे माहीत आहे. मग हे हसू पाहिलं कोणी?

मेरेरिदने डोळे मिटले. ती पुन्हा त्या बसमध्ये होती. खरखरीत सीटचा वास, मांडीवर बापाने दिलेली सफरचंदांची पिशवी, काचेवर ओल. डोंगराकडची जागा रिकामी होती. चांगली रिकामी होती, हे तिला आता लख्ख आठवलं. ती मुद्दाम पाण्याच्या बाजूला जाऊन बसली होती. सीलचं डोकं बुडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली होती, कारण वळण येण्याआधी मान वळवली असती तर फाटक दिसलं असतं.

बाहेर एक मेंढी खोकत होती. मग तिने कागद ओढला आणि लिहिलं. गाय, वाटाणे, बूट, यांना त्यांचं माप दिलं, कमी नाही की जास्त नाही. आणि शेवटी लिहिलं:

“फाटकातली थोरली बहीण मात्र माणूस नव्हे. धाकटीने मागे वळून पाहिलेलं नाही, तरी तिला हसू दिसतं. ते लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी तिथे टांगलं आहे. थोरलीला काय वाटलं हे लेखकाला ठाऊक नाही, आणि विचारायचं धैर्य झालेलं नाही. अख्खं पुस्तक तो प्रश्न टाळण्यासाठी लिहिलं आहे, आणि म्हणून ते इतकं गोड झालं आहे.”

पाकीट तिने इदवालच्या हाती दिलं.

अंक आला आणि गाव पेटलं. मेगनने पाव नुसता समोर आदळला. इदवालने तिकिटं देताना मान वर केली नाही, पण मग त्याला राहवेना. “त्या ‘गुलान’ने तुमचं काय घोडं मारलं होतं, मिस प्यू? एक हसरं माणूस होतं पुस्तकात, तेसुद्धा नाही बघवलं तुम्हाला?”

“नाही बघवलं,” मेरेरिद म्हणाली, आणि पिशवी उचलून चालू लागली. पाद्रीसाहेबांनी त्या रविवारी दयेवर प्रवचन केलं, तिसऱ्या बाकाकडे न बघता, आणि एकही परिच्छेद गाळला नाही.

अंक तेगवेननेही वाचला होता. चुलीजवळच्या फळीवर तो उघडा पालथा ठेवलेला मेरेरिदने पाहिला होता. दोन दिवस घरात बशा नेहमीसारख्या वाजल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी खाडीवरून पुन्हा धुकं चढून आलं. तेगवेन तव्यावर बेदाणे घातलेल्या गोड टिक्क्या भाजत होती. पाठमोरीच म्हणाली,

“चांगलीच झोडपलीस की गं तिला.”

“पुस्तकात खोट होती.”

“होतीच.” तिने एक टिक्की उलटली. “मी फाटकात नव्हतेच.”

मेरेरिदने कप खाली ठेवला.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“पहिल्या प्रकरणापासून. अगं, त्या पुस्तकात सगळे सारखे जेवतात, उठतात आणि निघून जातात. एकदाही कोणी ताटं घासत नाही. म्हटलं, ही आमचीच मेरेरिद.” तेगवेन हसली, आणि मेरेरिदला कळलं की त्या दिवशी चुलीशी ती हसली ती इथेच. “मी गोठ्यात होते. बस गेल्याचा आवाज ऐकला आणि दुधाची बादली लाथ मारून भिंतीवर घातली. बाबांनी विचारलं, दूध कुठाय, तर सांगितलं, गाईने लाथ मारली. बिचाऱ्या गाईने मार खाल्ला माझ्यापायी.”

धुकं आता खिडकीला लागलं होतं. बांध गेला, अंगण गेलं, जगात फक्त तो तवा आणि त्या दोघी उरल्या. तेगवेन हात पुसत समोर येऊन बसली.

“विचार आता,” ती म्हणाली.

“काय?”

“छापून आणलंस ना चार गावांत, धैर्य नाही म्हणून? मग विचार. मी काही अमर नाही.”

चाळीस वर्षं ती शब्दांना कामाला लावत आली होती, आणि आता चार शब्द जागचे हलेनात.

“तुला जायचं होतं का?”

“हो,” तेगवेन म्हणाली. “फार.”

मेरेरिद रडू लागली. तेगवेनने तिला रडू दिलं, पण फार वेळ नाही. “पुरे. तेवढं माझं रडून झालंय, तुझ्या वाटचंसुद्धा. पुढच्या वसंतात कोकरं होईपर्यंत तुझा भारी राग राग केला मी. तू नाताळला आलीस तेव्हा तुझ्या रश्श्यात मुद्दाम मीठ जास्त घातलं, आणि तू मेलीनं ते आवडीनं खाल्लंस! मग कोकरं झाली, आणि रागाला वेळ पुरेना.”

“आणि मग?”

“मग मी गेलेच की.”

मेरेरिदने डोळे पुसून बघितलं. तेगवेन खिडकीकडे बघत होती, जिथे आता काहीच नव्हतं.

“रोज धार काढताना जायचे,” ती हळूच म्हणाली. “गाईच्या पोटाला कपाळ टेकलं की. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली, मी आणि फ्लॉरी म्हणून एक पोरगी, आयरिश, रात्री झोपेत गायची. खिडकीतून बोटींचे भोंगे ऐकू यायचे. आमची मुख्य परिचारिका लंगडी होती, पण तिच्यापुढे डॉक्टर थरथरायचे. पुरुषांच्या वॉर्डात चौथ्या खाटेवर एक खलाशी होता, त्याला पाय नव्हते आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझ्यावर आलं. मी कितीतरी दिवस टाळलं...”

बाहेर संध्याकाळ होत होती की धुकंच दाटत होतं, सांगता येत नव्हतं. तव्यावरची शेवटची टिक्की करपल्याचा वास आला, पण दोघींपैकी कोणी उठलं नाही. मेरेरिद ऐकत होती. तिच्यातली ती दुसरी बाईही पेन्सिल घेऊन कुठेतरी बसली असणारच, सवयीने चूक शोधत. जिने बरोबर होते. खिडकी जिथे हवी तिथे होती. ज्या लिव्हरपूलमध्ये तेगवेन प्यूने कधी पाऊल ठेवलं नाही, त्या लिव्हरपूलच्या फरशीवरून तिच्या बुटांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात कुठेही खोट नव्हती.

“मग त्याला सांगितलंस?” मेरेरिदने विचारलं.

“त्या खलाशाला? सांगते ना,” तेगवेन म्हणाली. “आज इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारतंय. जरा सरक इकडे.”